मध्येच कुणीतरी बोलतंय

जुन्या टेपा, कॅसेटी आणि घरगुती फिल्म डिजिटल करून देणाऱ्या एका छोट्या दुकानात मी काम करतो. दुकान इंग्लंडमध्ये, मिडलँड्समधल्या एका गावात. मालक इंग्रज, आणि आवाजाचं सगळं काम माझ्याकडे. गिऱ्हाईक बहुतेक म्हातारी माणसं, नाहीतर ती गेल्यावर घर रिकामं करायला आलेली त्यांची मुलं. बारशी, लग्नं, चर्चमधली गाणी, एखाद्या आजोबांनी स्वतःच्याच आवाजात वाचलेल्या कविता असा सगळा माल असतो. अधूनमधून एखाद्या खोक्यात ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची जुनी विज्ञानकथा मालिका निघते. तसं झालं की मालक काउंटरवरूनच ओरडतो, “तुझं खोकं आलंय.”

ही मालिका मी लहानपणी पाहिलेली नाही. मिरजेत आमच्याकडे ती दिसतच नव्हती. पण या देशात जुन्या आवाजाचं काम करायचं म्हणजे ती टाळता येत नाही, आणि त्याला कारण आहे. ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झालं, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. पहिल्या सहा वर्षांत कृष्णधवल रंगात २५३ भाग झाले आणि त्यांतले नव्वदहून अधिक नंतर बीबीसीच्या संग्रहात उरलेच नाहीत. दोन इंची व्हिडिओ टेप महाग होती, म्हणून ती पुसून पुन्हा वापरायची रीत होती. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग मनाला येईल तेव्हा पुन्हा दाखवता येत नव्हते. त्यात रंगीत टीव्ही आला, मग कृष्णधवलला कोण विचारतो? परदेशात विकण्यासाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या फिल्म प्रतीसुद्धा हक्कांची मुदत संपली की फेकल्या जात. हे १९७८पर्यंत चाललं. कुणाचा दुष्टावा नव्हता, कपाट रिकामं करणं होतं.

चित्र गेलं, पण आवाज राहिला. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, आणि तो बीबीसीमुळे नाही. शाळकरी पोरांनी टीव्हीसमोर माइक धरून घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला म्हणून. एका मुलाने तर टीव्हीच्या आतूनच थेट वायर काढली होती, आणि त्याच्या टेपा इतक्या स्वच्छ आहेत की ऐकून मलाच हेवा वाटतो. (त्या काळच्या कित्येक ब्रिटिश टीव्हींचा लोखंडी सांगाडा थेट मेन्सला जोडलेला असे. पोरगं जिवंत राहिलं हे नशीब.) या टेपांवरूनच पुढे हरवलेल्या भागांची अ‍ॅनिमेशन केली गेली, आणि आवाजाच्या सीडी निघाल्या.

तर त्या दिवशी आलेलं खोकं. सत्तरीच्या आसपासच्या एक बाई आणि त्यांचा मुलगा. बाईंचे थोरले भाऊ वारले होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि घरातली एक अख्खी खोली ‘डॉक्टर हू’ने भरलेली. मुलाने नमुन्यादाखल थोडा माल आणला होता. ‘रेडिओ टाइम्स’ या टीव्ही-रेडिओच्या साप्ताहिकाचा, मालिकेच्या दहाव्या वाढदिवसाचा १९७३चा विशेषांक, मालिकेतल्या गोष्टींची टार्गेट प्रकाशनाची पुस्तकं, १९८३ साली लाँगलीट या इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यावर भरलेल्या मालिकेच्या जत्रेचं तिकीट. त्या जत्रेला अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी झाली होती, लोक रांगेत उभं राहून परत गेले, आणि गेलेला प्रत्येक जण ते अभिमानाने सांगतो. एक लांबलचक पट्ट्यापट्ट्यांचा मफलरही होता, मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ साकारणाऱ्या चौथ्या नटासारखा, घरीच विणलेला. आणि तळाशी पाच इंची स्पूल असलेला पुठ्ठ्याचा चौकोनी डबा. त्यावर पेनाने, शाळकरी पोराच्या अक्षरात: ‘डॉ. हू, शेवटचा, ३० ऑक्टो. ६६’.

मुलाने आधीच वाचून ठेवलं होतं. म्हणाला, “हरवलेला भाग आहे हा. किती येतील?”

मी त्याला समजावलं की हरवलंय ते चित्र, आणि ही आवाजाची टेप आहे. आवाज सगळ्यांकडे आहे. त्याचा चेहरा उतरला. विशेषांक आणि पुस्तकं लिलावात बरी जातील, असं सांगितल्यावर जरा सावरला. बाई मात्र काही बोलल्या नाहीत. अर्जावर मुलानेच ‘आवाज साफ करून हवा’ या चौकोनात खूण केली आणि दोघं समोरच्या कॅफेत जाऊन बसली.

स्पूल दिव्यासमोर धरली, तर गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला. म्हणजे अ‍ॅसिटेट, जुन्या टेपांचं प्लास्टिक. नाक लावून पाहिलं, व्हिनेगरचा अगदी हलका वास. अशी टेप ताणली जात नाही, काडकन तुटते. ती भट्टीत तापवायची नसते, तो उपाय नंतरच्या काळातल्या चिकट होणाऱ्या टेपांसाठी. दोन जुने जोड सुटायला आले होते, ते नव्या पट्टीने पक्के केले, मशीनचा ताण कमी केला आणि एकदाच, कुठलंही फिल्टर न लावता, जसं आहे तसं उतरवायला लावलं.

आणि सिग्नलवाल्याला फोन केला.

हा आमचा जाणकार. रेल्वेत सिग्नलमन होता, आता निवृत्त. मालिकेच्या चाहत्यांत त्याचा शब्द चालतो. कुठल्याही भागाचा अर्ध्या मिनिटाचा आवाज ऐकवा, गोष्टीचं नाव, भागाचा क्रमांक आणि दिग्दर्शक सांगतो. मला भेटला की दर वेळी न चुकता सांगतो, “पहिला भाग तुमच्याच माणसाने दिग्दर्शित केला बरं का.” वारिस हुसेन, जन्म लखनौचा. लखनौ आणि मिरज यांच्यातलं अंतर त्याला समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. बीबीसीचं नाव निघालं की त्याचं तोंड सुटतं. माणसाच्या हाती असा ठेवा, आणि पुसता कसला!

तो आला तेव्हा टेप चालूच होती. हेडफोन कानाला लावला आणि लगेच म्हणाला, “‘द टेन्थ प्लॅनेट’, भाग चौथा.”

सायबरमेन, म्हणजे मालिकेतले अर्धयांत्रिक शत्रू, त्यांचा तो हेल काढून बोलणारा आवाज, तो चुकणं शक्य नव्हतं. दक्षिण ध्रुवावरच्या तळाची गोष्ट. आणि हा भाग म्हणजे चाहत्यांचं जुनं दुखणं आहे, कारण याच्या शेवटी पहिला डॉक्टर, विल्यम हार्टनेल, जमिनीवर कोसळतो आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटनचा चेहरा उमटतो. नट बदलायचा होता, म्हणून मालिकेच्या निर्मात्यांनी माणूसच बदलून टाकला, आणि त्या एका युक्तीवर मालिका इतकी वर्षं जगली. ‘रीजनरेशन’ हे नाव त्याला मिळायला १९७४ साल उजाडलं. भाग गेला, पण नेमका तो चेहरा बदलण्याचा तुकडा राहिला, कारण तो ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात वापरला होता.

आवाज मात्र वाईट होता, खोटं कशाला बोलू. माइक टीव्हीपासून बऱ्यापैकी लांब असावा. पन्नास हर्ट्झची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, कुठेतरी बशी वाजली. सिग्नलवाला मान हलवत होता. “यापेक्षा चांगल्या प्रती आहेत आपल्याकडे.” इतक्यात शेवट आला. तिथे संवाद नाहीत, नुसता टार्डिसच्या, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाच्या, यंत्रांचा वाढत जाणारा गलका. तो टार्डिसचा मूळ आवाजसुद्धा बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये ब्रायन हॉजसनने घराची किल्ली पियानोच्या तारेवर घासून काढलेला. हेडफोनवर फक्त ऐकणाऱ्याला तिथे काय घडलं ते कळणारच नाही. चेहरा बदलल्याचा आवाज होत नाही.

आणि त्या गलक्यात, माइकच्या अगदी जवळून, एका लहान मुलीने विचारलं, “हा कोण?”

लगेच एक मुलगा दातओठ खाऊन, “गप्प बस!”

पुन्हा मुलगी, आता रडवेली. “पण म्हातारा कुठे गेला?”

लांबून एका बाईचा आवाज, बहुतेक स्वयंपाकघरातून: काय गेलं, कोण गेलं? आणि मग मालिकेचं शीर्षकसंगीत.

सिग्नलवाल्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “परत लाव.” मी परत लावलं. तो तुकडा त्याने मला कितीतरी वेळा लावायला लावला. त्याच्याकडे या भागाचा आवाज आहे, चेहरा बदलण्याचा तुकडा आहे. पण खोलीतल्या माणसांचं काय झालं, हे त्याच्याकडे नव्हतं. नव्या नटाचं नाव वर्तमानपत्रांत आधीच छापून आलं होतं, मोठ्यांना ठाऊक होतं. सहा-सात वर्षांच्या पोरीला कोण सांगणार?

आता आमच्या धंद्यातली अडचण अशी की अर्जावर ‘साफ करून हवा’ असं लिहिलेलं, आणि साफ करायचं म्हणजे हेच काढायचं. चाहत्यांतल्या जाणत्या मंडळींनी वर्षानुवर्षं हेच केलंय. चार घरच्या चार टेपा घ्यायच्या, जिथे एकीत कुत्रं भुंकतं तिथे दुसरीतला तुकडा बसवायचा, खोली पुसत जायची आणि कार्यक्रम वर आणायचा. काम फार सुरेख आहे, मी त्यातून खूप शिकलो. पण मी वाढलो मैफलींच्या खासगी टेपांवर. आमच्याकडे गायकाच्या समेनंतर कुणीतरी “क्या बात है” म्हणतं, कुणी खोकतं, तबलजी हातोडीने तबला ठोकत बसतो. ते कापून टाकलं तर बुजुर्ग मंडळी शिव्या घालतील. दाद हा त्या गाण्याचाच भाग असतो.

हे मी सिग्नलवाल्याला सांगितलं. तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, “तुमच्याकडे प्रेक्षक गाण्याच्या मध्येच बोलतात?” मी म्हटलं, “न बोलले तर गवयाला वाईट वाटतं.”

टेप अजून फिरत होती. भाग संपला, पोराने रेकॉर्डिंग थांबवल्याचा ‘टक्’ आला, आणि त्यापुढे आधीच्या रेकॉर्डिंगचं शेपूट ऐकू यायला लागलं. कुणीतरी समुद्री चाचा ओरडतोय, समुद्र आहे, घाईगडबड आहे. सिग्नलवाला उभाच राहिला. “‘द स्मगलर्स’!” त्याच्या आधीची गोष्ट, सप्टेंबर-ऑक्टोबर १९६६ मधली, चारही भाग हरवलेले. मग त्याच्या लक्षात आलं, आणि मला हसू आवरेना. खाऊच्या पैशांतून घेतलेली एकच टेप असावी. पोराने नवीन भाग रेकॉर्ड करायला जुना पुसला होता. म्हणजे बीबीसीने केलं तेच, आणि बीबीसीच्या आधी.

“त्याला काय म्हणणार आता?” मी विचारलं.

“पोरगं होतं ते,” तो म्हणाला. थोड्या वेळाने, जरा नाराजीनेच, “टेपा महाग होत्या.” या विषयावर बीबीसीच्या बाजूने गेलेलं त्याचं हे पहिलंच वाक्य असावं. ‘द स्मगलर्स’चा आवाज दुसऱ्यांच्या टेपांवर आहे, त्यामुळे नुकसान काही झालेलं नाही, हेही त्याने मला दोनदा सांगितलं.

मी कॅफेत जाऊन बाईंना बोलावलं. मुलगा फोनवर होता, त्या एकट्याच आल्या. शेवटचं दीड मिनिट स्पीकरवर लावलं. मला वाटलं होतं रडतील, कारण आमच्या दुकानात लोक रडतात, कागदी रुमालांचा डबा कायम भरलेला असतो. त्या मोठ्याने हसल्या. “मीच ती. आई म्हणायचीच, हिला गप्प बसवत नाही.” मग म्हणाल्या, “याबद्दल तो माझ्यावर आयुष्यभर चिडून होता. माझी टेप खराब केलीस, म्हणायचा. मला वाटायचं, उगाच काहीतरी सांगतो. मला आठवतसुद्धा नाही.”

“त्यांनी ती टाकून का दिली नाही मग?” सिग्नलवाल्याने विचारलं. “पुढे चांगल्या प्रती मिळत होत्या. त्यांच्याकडे असणारच.”

“होत्या ना. सीडी आहेत कपाटात, सगळ्या.”

यावर कुणी काही बोललं नाही. मी अर्जावरची खूण खोडली आणि त्यांची सही घेतली. एक प्रत जशी आहे तशी, फक्त घरघर थोडी उतरवलेली. शेपटासकट. सिग्नलवाल्याला प्रत हवी होती, पण त्याला ते मागवेना. खुर्चीच्या कडेवर बसून हेडफोनची वायर गुंडाळत होता. शेवटी मीच विचारलं. आणि बाईंना हेही सांगितलं की डॉक्टरचा आवाज बीबीसीचा असला तरी तुमच्या आईचा आवाज तुमचा आहे, नको असेल तर नको म्हणा.

“द्या की,” त्या म्हणाल्या. “त्याचं नाव लिहा म्हणजे झालं.”

इथे सगळं मिटायला हवं होतं. पण सिग्नलवाल्याने डबा हातात घेतला आणि त्याला राहवेना. “तारीख चुकलीय. हा भाग २९ ऑक्टोबरला लागला होता. शनिवारी. तीस तारखेला रविवार होता.”

“त्याने तीस लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

“हो, पण—”

“त्याने दुसऱ्या दिवशी लिहिलं असेल.”

हे अगदी शक्य आहे. तरी नोंदीत चूक तारीख कशी ठेवायची, यावर सिग्नलवाला दहा मिनिटं बोलला, आणि बाई ऐकून घेऊन दर वेळी तेच म्हणाल्या. सहा वर्षांच्या असताना ज्यांना कुणी गप्प बसवू शकलं नाही, त्यांना हा काय बसवणार. शेवटी फाइलच्या नावात २९ घातली, वर्णनात ‘डब्यावरची तारीख: ३०’ असं लिहिलं, आणि दोघांनीही ते माझ्या खांद्यावरून वाचून तपासलं.