मण्यारचा दंश आणि कॅज्युअल्टीतली ती सकाळ : माझा अनुभव

मागच्या पावसाळ्यात माझ्या मामेभावाला मण्यार चावला. मुद्दाम लिहितोय कारण दिंडोरी-निफाडकडं मळ्यात खाली जमिनीवर झोपणारे खूप आहेत आणि या सापाची लक्षणं साप चावल्यासारखी वाटतच नाहीत.

दादा मळ्यातल्या खोलीत सतरंजी टाकून झोपला होता. पहाटे पोटात कळ येऊन उठला, उलट्या झाल्या, घसा धरल्यासारखा वाटतोय म्हणाला. अंगावर कुठं सूज नाही, रक्त नाही, काही चावल्याचं त्याला जाणवलं पण नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं, तेवढ्यावरून कुणालाही पित्तच वाटलं असतं. पण उजाडल्यावर दादा म्हणायला लागला मला एकाचं दोन दिसतंय आणि डोळे मिटायला लागले, मग मामा म्हणाले आता थांबायचं नाही, गाडी काढ. म्हसरूळ, पंचवटी करत थेट नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला नेला.

केसपेपर निघायच्या आधीच ड्युटीवरच्या मॅडमनी त्याला स्ट्रेचरवर बघितलं. एकीकडं शुगर, ईसीजी, ऑक्सिजन चालू आणि मॅडमचा पहिला प्रश्न, "रात्री कुठं झोपले होते?" मामी म्हणाली, खाली. मॅडमनी बोट वर धरलं, म्हणाल्या डोकं न हलवता इकडं बघा. दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या पण पापण्या काही उचलेनात. मग मान उशीवरून उचलायला सांगितली, जेमतेम उचलली. एका श्वासात आकडे म्हणायला लावले, थोड्या वेळाने परत लावले तर आधीपेक्षा खूप आधीच अडकला. मॅडम तिथंच सिस्टरना म्हणाल्या, एएसव्ही (सापाच्या विषावरची लस) काढा, आयसीयूला कळवा.

खूण कुठंच सापडली नव्हती हो. मॅडमनी मामांना सांगितलं की मण्यारचे दात इतके बारीक असतात की खूण बऱ्याचदा दिसत नाही, विष नसांवर जातं, आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थकतात.

रक्ताची एक साधी टेस्ट पण केली. काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत 2 मिली रक्त घेऊन 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. घोणस किंवा फुरसं असेल तर विष चढल्यावर ते गोठत नाही. दादाचं गोठलं, मामांना वाटलं सुटलो, पण मॅडम म्हणाल्या नाही, नाग आणि मण्यारमध्ये रक्त गोठतंच, पापण्या बघा त्यांच्या.

मग लस चालू झाली, 10 बाटल्या सलाईनमधून. आपल्याकडं मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे, त्यामुळं साप मारून आणायची काही गरज नसते. तिकडं वस्तीवरची पोरं काठ्या घेऊन साप शोधत होती, त्यांना फोन करून थांबवलं, नाहीतर अजून एखाद्याला चावला असता. लसीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन आधीच भरून ठेवलं होतं आणि खरंच दादाच्या अंगावर गांधी उठल्या, लस थांबवली, इंजेक्शन दिलं, कमी झाल्यावर परत चालू केली.

तरी दुपारपर्यंत श्वास कमी पडला आणि व्हेंटिलेटर लावायला सही मागितली. मामींना वाटलं संपलं सगळं. डॉक्टरांनी नीट समजावलं की नसांना चिकटलेलं विष लसीने सुटत नाही, तिथून पुढचं शरीरच भरून काढतं, त्याला दिवस लागतात आणि तोवर श्वास मशीनने द्यायचा. एक गोष्ट मला कायम लक्षात राहील, ते म्हणाले याला हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, पण ऐकू येतंय, याच्याशी बोला. आम्ही आळीपाळीने बोलायचो, बागेचं, पोरांचं, काहीही. काही दिवसांनी बोट हललं, मग पापणी, मग नळी निघाली. नळी निघाल्यावर दादाने आमची कितीतरी बोलणी जशीच्या तशी सांगितली.

आता मळ्यात सगळ्यांना खाट आहे, मच्छरदाणी गादीखाली खोचतात. तुमच्याकडं कुणी खाली झोपून उठल्यावर पोटदुखी, उलटी आणि जड पापण्या असं सांगत असेल तर 108 ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा, आणि कॅज्युअल्टीत जमिनीवर झोपल्याचं आधी सांगा. दोरी घट्ट बांधू नका, चिरा मारू नका. सर्पदंशाची एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांना कळवायची नोंद) होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, त्याला घाबरू नका, ती नेहमीची पद्धत आहे, फक्त त्या कागदाची झेरॉक्स घेऊन ठेवा.