दोन-दोन दिसणं, सहावी नस आणि क्लेममधला ‘स्क्विंट’: माझा अनुभव

दोन-दोन दिसायला लागलं की आधी एक डोळा झाकून बघायचा, मग दुसरा. दोन्ही वेळा एकच दिसलं, तर दोन डोळे एका रेषेत राहत नाहीत. एक डोळा झाकूनही दोन दिसत राहिलं, तर मोतीबिंदू, कोरडेपणा किंवा चष्म्याचा नंबर. माझं पहिल्या प्रकारातलं निघालं. रस्त्यावरचा दिवा दोन दिसायचा तो शेजारी-शेजारी, वर-खाली नाही. लांबचं बघताना जास्त, वाचताना जवळजवळ नाहीच, आणि उजवीकडे नजर गेली की दोन दिव्यांमधलं अंतर वाढायचं. एवढं नेमकं सांगितलं की डॉक्टरांचा संशय उजव्या डोळ्याच्या सहाव्या नसेवर (मेंदूतून येणाऱ्या मज्जातंतूवर) जातो, कारण डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा स्नायू तीच चालवते.

काही लक्षणांत अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. पापणी पडलेली आणि बाहुली मोठी झालेली असेल, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते; थेट कॅज्युअल्टी गाठायची. पन्नाशीनंतर कानशील दुखतंय आणि चावताना जबडा भरून येतोय, तर त्याच दिवशी ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. सकाळी ठीक, संध्याकाळी पापणी जड आणि दोन दिसणं वाढलेलं, तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची तपासणी होते.

माझ्याकडे मधुमेह होता. नसेला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी बंद पडते आणि स्नायू ढिला पडतो. यातले बहुतेक पेशंट तीन महिन्यांत आपोआप बरे होतात, म्हणून लगेच ऑपरेशन कोणी करत नाही. साखर आणि बीपी आटोक्यात ठेवायचं आणि दर काही आठवड्यांनी प्रिझम (प्रकाश वळवणारी, एका बाजूला जाड काच) लावून तिरळेपणा मोजून घ्यायचा. हे माप प्रिझम डायॉप्टरमध्ये असतं: एक मीटरवर एक सेंटिमीटर सरकणं म्हणजे एक. सोबत हेस चार्टही काढतात, म्हणजे डोळा कोणत्या दिशेला किती वळतो त्याचा नकाशा. हे कागद फाईलला तारीखवार लावून ठेवा, पुढे क्लेममध्ये हेच बोलतात.

मधल्या काळात काय करायचं? काळी पट्टी चालते, पण चष्म्याच्या एका काचेवर आतून धुरकट टेप लावणं जास्त सोयीचं. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच ओतायची, नाहीतर धार बशीत पडते. गाडी चालवणं बंद. दुसरा उपाय फ्रेनेल प्रिझम: मऊ प्लास्टिकचा पातळ पत्रा काचेच्या आकारात कापतात आणि पाण्याखाली धरून आतल्या बाजूला चिकटवतात. मध्ये बुडबुडा राहिला की कडेने सुटायला लागतो. सहाव्या नसेसाठी त्याची जाड बाजू कानाकडे हवी. उलटा लागला तर दोन प्रतिमा आणखी लांब जातात. त्या काचेतून अक्षरं थोडी पुसट दिसणारच. तिरळेपणा लहान असेल तर प्रिझम चष्म्यातच घासून घेता येतो, तीस-चाळीसचा नाही.

सहा महिन्यांनी माझं माप ३० वर अडकलं आणि दोन भेटींत हललं नाही. माप स्थिर झालं की मगच ऑपरेशन. आतल्या बाजूचा स्नायू साडेचार मिलिमीटर मागे घेऊन शिवला, बाहेरचा सात मिलिमीटर आखडला. त्याच दिवशी घरी.

आता पैशाचं, म्हणजे आरोग्य विम्याच्या क्लेमचं. त्याच दिवशी घरी सोडतात अशा डे-केअर ऑपरेशनला २४ तास भरती राहण्याची अट नसते, तेव्हा भीती तिची नाही; भीती ‘स्क्विंट करेक्शन’ (तिरळेपणा दुरुस्ती) या दोन शब्दांची आहे. टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर ते वाचले की पहिली शंका येते ‘जन्मजात तिरळेपणा’ किंवा ‘सौंदर्यासाठी’. माझ्या प्री-ऑथवर (ऑपरेशनआधी मागायच्या मंजुरीवर) आलेली क्वेरी अगदी हीच होती. कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांत (ज्यांचे पैसे मिळत नाहीत त्या यादीत) आठव्या क्रमांकावर आहे, पण वैद्यकीय गरजेची असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर तिथे वाट आहे. म्हणून सर्जनकडून पत्र आधीच घ्या आणि त्यात चार गोष्टी लिहून घ्या: त्रास कोणत्या तारखेपासून, कारण सहाव्या नसेचा लकवा, समोर बघताना दोन दिसतं आणि किती प्रिझम डायॉप्टर, ऑपरेशनचा हेतू एकच दिसणं परत आणणं. सोबत जुना फोटो, म्हणजे पूर्वी डोळे सरळ होते हे दिसतं. पंधरावा अपवाद साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी चष्म्याच्या नंबरासाठीच्या उपचाराचा आहे. त्याचा इथे संबंध नाही, पण ‘दृष्टी सुधारणे’ असं मोघम लिहिलं तर तोही अंगावर येऊ शकतो.

ठरवून केलेलं ऑपरेशन असल्यामुळे किमान ४८ तास आधी प्री-ऑथ पाठवा. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम मेला असं नाही. बिल भरून मूळ कागदांसह रीइम्बर्समेंट मागता येतं.

दुसरा खड्डा मधुमेहाचा. भरती करताना ज्युनियर डॉक्टर विचारतात, ‘शुगर किती वर्षं?’ आणि आपण सहज म्हणतो, ‘असेल दहा-बारा वर्षं.’ ते केसपेपरवर उतरतं. पॉलिसी घेताना वेगळं वर्ष लिहिलेलं असेल तर माहिती लपवल्याचा ठपका येतो. पहिल्या रिपोर्टची तारीख बघून तेच वर्ष सांगा. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत (वेटिंग पिरियड) आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय या कारणावर क्लेम नाकारता येत नाही.

तिसरी गोष्ट कोणी आधी सांगत नाही: तारखांची. भरतीपूर्वीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस, ही बऱ्याच पॉलिसींतली चौकट. एमआरआय होतो पहिल्या आठवड्यात आणि ऑपरेशन सहा महिन्यांनी, म्हणजे एमआरआयचा खर्च चौकटीबाहेर जातो. पहिल्या भेटी, टेप, फ्रेनेल सगळं खिशातून. ‘एक रात्र भरती व्हा, एमआरआय क्लेममध्ये बसवू,’ असं सुचवणारे भेटतात. ऐकू नका, फक्त तपासणीसाठीची भरती हा चौथा अपवाद आहे. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्या, ईसीजी आणि शेवटचा हेस चार्ट मात्र ३० दिवसांच्या आत करून घ्या, ते मिळतात. नंतरचे ड्रॉप्स आणि तपासण्यांची बिलं एकत्र करून ६० दिवस संपले की पॉलिसीत दिलेल्या मुदतीत पाठवायची. प्रत्येक मेडिकल बिलामागे प्रिस्क्रिप्शन हवंच, नुसत्या बिलावर काही मिळत नाही.

तरी नाकारलंच तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा हे तक्रार पोर्टल. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. तिथेही फाईलमध्ये वरती ठेवायचं ते सर्जनचं पत्र आणि तारखांसह मापं.

माझा उरलेला तिरळेपणा सहा प्रिझम डायॉप्टर आहे. तो चष्म्यात दोन्ही काचांवर तीन-तीन वाटून घातलाय. त्या चष्म्याचं बिल क्लेमला जोडलंच नाही.