कांद्याच्या मुळातलं सूत्री विभाजन : स्लाइड जमवण्याचा माझा अनुभव

सूत्री विभाजनाची, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होतानाची, स्लाइड जमली नाही की वर्गात खापर सूक्ष्मदर्शकावर फुटतं. वाशीतल्या शाळेच्या प्रयोगशाळेत ही स्लाइड दरवर्षी करताना माझं मत असं झालंय, की दोष बहुतेक वेळा मुळातच असतो, म्हणजे कांद्याच्या.

एपीएमसीच्या (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या) कांदा-बटाटा मार्केटमधून एप्रिल-मेमध्ये आणलेला ताजा उन्हाळ कांदा पाण्यावर ठेवला तरी ढिम्म बसून राहतो. काढणीनंतर काही आठवडे तो सुप्तावस्थेत असतो, त्याला घाई करून उपयोग नाही. पावसाळ्यात साठवणीतले कांदे आपणहून कोंब धरू लागतात आणि भाजीवाला ते बाजूला टाकतो. मी तेच मागून घेते, फक्त बूड घट्ट आहे ना हे दाबून बघते. कांदा अडून बसला तर लसणाच्या पाकळ्या लावाव्यात. लसणाच्या पेशीतही १६ गुणसूत्रंच असतात आणि स्लाइड तितकीच चांगली होते.

बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडायची, पण खालची चकती कापायची नाही, कारण नवी मुळं तिथूनच फुटतात. कांदा काचेच्या ग्लासवर असा बसवायचा की पाणी बुडाला जेमतेम टेकेल. अर्धा कांदा बुडाला तर तो कुजतो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरलं की त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. इथल्या उकाड्यात पाणी एका दिवसात बुळबुळीत होतं, म्हणून ते रोज बदलायचं. साधारण तीन ते पाच दिवसांत मुळं २-३ सेंमी होतात. टोक पांढरंशुभ्र हवं, तपकिरी पडलेलं मूळ सरळ टाकून द्यावं.

मुळं सकाळी ८ ते १०च्या दरम्यान कापतात, टोकाकडचा साधारण १ सेंमी भाग. कापल्या कापल्या ती स्थिरीकरणाच्या द्रावणात गेली पाहिजेत : ३ भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल, १ भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. पेशी ज्या अवस्थेत आहे तिथेच तिला थांबवायचं असतं; मुळं टेबलावर पडून राहिली तर ते साधत नाही. द्रावण त्याच दिवशी बनवावं. जुन्या द्रावणात अल्कोहोल आणि आम्ल एकमेकांशी अभिक्रिया करून एस्टर बनवतात आणि जोर कमी होतो. चोवीस तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली की पुढे कित्येक आठवडे वापरता येतात. एका कांद्यावर अख्ख्या तुकडीचं काम भागतं ते यामुळेच.

आता खरी मेख. मुळातल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. ते पेक्टिन सैल झालं नाही तर कितीही दाबा, पेशींचे थरावर थर दिसतात आणि गुणसूत्रांचा नुसता लाल गोळा. त्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ६० अंश सेल्सिअसला, ५ ते ८ मिनिटं. १०० मिली बनवायला तीव्र आम्ल ८.३ मिली लागतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. वॉटर बाथ नसेल तर गरम पाण्याच्या बीकरमध्ये परीक्षानळी आणि थर्मामीटर ठेवून भागतं, फक्त पारा ६०च्या आसपास धरून बसावं लागतं. कमी वेळ दिला तर टोक रबरासारखं राहतं, जास्त दिला तर चिमट्यात धरताच विरघळतं. मग पाण्याने दोनदा धुवायचं.

रंगासाठी वॉच ग्लासमध्ये ९ थेंब ॲसिटोकार्माइन (ॲसेटिक ॲसिडमधला कार्माइन रंग) आणि १ थेंब तेच १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीन वेळा अलगद फिरवायचं. वाफ दिसली की पुरे, उकळी नको. झाकून १० मिनिटं ठेवायचं. कार्माइन हा रंग निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून मिळतो. तो फिका वाटला तर गंजलेल्या लोखंडी सुईने मूळ ढवळावं, लोहामुळे रंग गडद होतो. स्टीलच्या चकचकीत सुईने हे होत नाही.

रंगलेल्या मुळाचं टोक सगळ्यात गडद दिसतं. तेवढंच २ मिमी ठेवायचं, बाकीचं ब्लेडने उडवायचं. विभाजी ऊती, म्हणजे सतत विभाजणाऱ्या पेशींचा भाग, टोकावरच्या मूळटोपीच्या लगेच मागे असते, वरच्या भागात पेशी नुसत्या लांबत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट आयताकृती पेशींच्या रांगा दिसल्या, तर तुकडा चुकीचा घेतलाय असं समजावं. ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब टाकायचा, कव्हरस्लिप तिरकी सोडायची, काडीपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक करायची. मग टीपकागदाची घडी वर ठेवून अंगठा सरळ खाली दाबायचा. इथे कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी पेशी वळकट्या होऊन गुंडाळतात आणि स्लाइड वाया जाते. मुलांच्या हातून सगळ्यात जास्त वाया जाणारी पायरी हीच.

आधी १० एक्सने चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या पेशींचा पट्टा शोधायचा, मग ४५ एक्स. बहुतेक पेशी विभाजन न करणाऱ्याच दिसतील, त्याने खट्टू होऊ नये. विभाजणाऱ्यांत पूर्वावस्था, म्हणजे विभाजनाची पहिली पायरी, जास्त सापडते, कारण ती जास्त वेळ चालते. मध्यावस्था आणि पश्चावस्था झटपट उरकतात, म्हणून त्या शोधाव्या लागतात. २०० पेशी मोजल्या आणि १६ विभाजनात असल्या तर विभाजनांक, म्हणजे विभाजणाऱ्या पेशींचं प्रमाण, ८ टक्के. वहीतल्या आकृतीत मात्र मुलं हमखास तारककेंद्र (सेंट्रिओल) काढतात, शेवटी पेशीला खाचही पाडतात. तो प्राणीपेशीचा मामला. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसतं, आणि दोन केंद्रकांच्या मधोमध पेशीपटल (सेल प्लेट) तयार होतं. स्लाइडवर दिसतं तेच काढा, असं मी बजावते, पण पुस्तकातली आकृती जास्त सुबक असते ना!

ठेवायची असेल तर कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद कराव्यात, म्हणजे स्लाइड काही दिवस वाळत नाही.