जानेवारीतली पावसाळी लाईन

मी पुण्यात सहकारनगर-पर्वतीच्या बाजूला एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे आंबिल ओढा. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोष्ट जानेवारीतल्या एका गुरुवारची आहे, दहा महिने होत आले, पण अजून रात्री वह्या तपासताना मधेच आठवते आणि हात थांबतो.

आधी थोडं मागचं. नववी-दहावीला जलसुरक्षा नावाचा विषय आहे, पुष्कळ पालकांना हे माहीतही नसतं. श्रेणीचा विषय, म्हणजे टक्केवारीत धरत नाहीत, आणि टक्केवारीत नाही म्हटलं की त्याचा तास गणिताला जातो. मी माझा तास कुणाला देत नाही, त्यावरून स्टाफरूममध्ये बरंच ऐकून घ्यावं लागतं. ऐकते. आणि नदी शिकवायची म्हणजे बहुतेक ठिकाणी काय करतात, तर प्रभातफेरी, हातात फलक, नदीकाठी फोटो, आणि निबंधात ठरलेलं एक वाक्य, की कारखान्यांचे सांडपाणी व निर्माल्य यांमुळे नद्या प्रदूषित होतात. पुण्याच्या मुठेला हे वाक्य लागूच पडत नाही हो. मुठेत जे वाहतं ते मुख्यतः आपल्याच घरातलं, मोरीतलं, संडासातलं, ओट्यावरचं. गणपतीच्या मूर्तींवरून दरवर्षी भांडणं होतात, पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बादलीत विरघळते हे मी शिकवते, निर्माल्याचं खत होतं हेही शिकवते, पण ते दहा दिवसांचं झालं, मोरी वर्षभर चालू असते.

म्हणून मी घोषणा बंद केल्या आणि बाटल्या आणल्या. ३०० मिलीच्या, घासलेल्या काचेच्या बुचाच्या, पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला हा प्रयोग फार आवडतो. बाटली पाण्यात तिरकी धरून हळूहळू भरायची, आत एक बुडबुडा राहिला तरी सगळं फुकट, कारण त्या बुडबुड्यातला ऑक्सिजनही मोजला जातो. मग पिपेट पाण्याच्या पातळीखाली नेऊन २ मिली मँगनीज सल्फेट, २ मिली अल्कलाईन आयोडाईड, बूच लावायचं, आणि बाटली उलटी-सुलटी करायची. इथे जादू होते. पाण्यात ऑक्सिजन असेल तर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढरा, ताकासारखा. पुढे सल्फ्युरिक ॲसिड घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं, त्यातलं २०० मिली घेऊन ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं, स्टार्च टाकला की गडद निळं, आणि एका थेंबाला निळा रंग एकदम जातो. जितके मिली थायो लागलं तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन एका लिटरला. एवढं सरळ. शेवटच्या थेंबाच्या वेळी वर्गात जी शांतता असते ती मला इतर कुठल्याच तासाला मिळत नाही.

त्या गुरुवारी सकाळी सहाला मी स्कूटरवर खडकवासल्याला जाऊन धरणाचं पाणी आणलं, पहिली दोन रसायनं तिथेच काठावर घातली. हे धरण १८७९ चं. पर्वतीच्या जलकेंद्रात येणारं पाणी तिथलंच, म्हणजे आमच्या मुलांच्या घरी नळाला येणारं तेच. दुसरी बाटली येताना विठ्ठलवाडीला मुठेतून भरली. धरणाच्या खाली पावसाळा सोडला तर नदीत स्वतःचं असं पाणी जवळजवळ सोडतच नाहीत, शहर ते पितं आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, ते मुळा-मुठेतून भीमेला, भीमेतून उजनीला. सोलापूरला प्यायला उजनीचंच पाणी जातं, पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे हीच भीमा. हे फळ्यावर बाणांनी काढलं की मुलं गप्प होतात, कारण कुणाची ना कुणाची आजी वारीला जाऊन आलेली असते.

तिसरी बाटली मुलांनी भरायची, ओढ्यातून. खाली उतरू देत नाही, मागच्या छोट्या पुलावरून दोरीला बादली बांधून सोडतो, सोबत पीटीचे सर. ओढ्याचं या मुलांना शिकवावं लागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून लोंढा आला तेव्हा ही पोरं प्राथमिकच्या वर्गात होती, काहींची घरं त्यात गेली.

साका बसायला लागला. खडकवासला दाट तपकिरी. विठ्ठलवाडी फिकट, मळकट. ओढा पांढराशुभ्र. नदीत आंघोळ करायची तर त्या पाण्यालासुद्धा लिटरला निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाहिजे असं मानक आहे, इथे ब्युरेट उघडायचीच गरज नव्हती. मी कारण सांगायला सुरुवात केली, घाण खाणारे जिवाणू, ते खाताना पाण्यातला ऑक्सिजन कसा संपवतात वगैरे, दरवर्षी सांगते तसंच. तेवढ्यात एक मुलगा, जो वर्षभर तासाला एक शब्द बोलला नव्हता, हात वर न करताच म्हणाला, "बाई, त्या पुलाखालच्या पाईपातून आत्ता पाणी का येत होतं?"

मी विचारलं कुठला पाईप. म्हणाला, भिंतीतला, शाळेच्या बाजूचा. "ती पावसाळी लाईन आहे. जानेवारीत पावसाळी लाईन कोरडी पाहिजे ना."

त्याचे वडील कंत्राटदाराकडे चेंबर साफ करायला जातात हे मला हजेरीपटावरून माहीत होतं. हजेरीपटावर पालकाच्या व्यवसायाचा रकाना असतो, मी दर जूनमध्ये तो भरते, आणि त्यातून मला काही शिकायला मिळेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. याची लाज वाटते, खरंच. तो पुढे जे बोलला ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात मी एवढ्या सोप्या शब्दांत वाचलेलं नाही. रस्त्याखाली दोन वेगळ्या लाईनी असतात. जाळीचं झाकण असतं ती पावसाची, ती थेट ओढ्याला जाते. बंद झाकण असतं ती ड्रेनेजची, ती मैलाशुद्धीकरण केंद्राला जाते. प्लंबरला जी जवळ पडेल तिला तो पाईप जोडून टाकतो, वरून फरशी बसली की कुणाला कळत नाही.

म्हणजे केंद्र कितीही मोठं बांधा, पावसाळी लाईनमधलं पाणी तिथे पोचणारच नाही. पुण्यात जायका या जपानी संस्थेच्या मदतीने ११ नवी केंद्रं, मिळून दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटरची, हे मी दरवर्षी चार्टवर काढून घेते. ही साधी अडचण मात्र मी एकदाही सांगितली नव्हती, कारण माझ्याच लक्षात आली नव्हती.

आम्ही सगळे परत पुलावर गेलो. मधली सुट्टी नुकतीच झाली होती. पाईपाच्या तोंडातून फेसाळ पाणी येत होतं आणि त्याच्या खाली भिंतीवर पिवळी शितं चिकटलेली होती. खिचडीची. वाटाण्यासकट. खालच्या वर्गांना पोषण आहार मिळतो, ती मुलं जेवून झाल्यावर मैदानातल्या नळकोंडाळ्यावर ताटल्या धुतात. कुणीच काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं.

तरी मी म्हटलं पुरावा पाहिजे. उगाच शितावरून भाताची परीक्षा नको. लॅबच्या मामांना दुकानातून जिलबीत घालायचा लाल रंग आणायला पाठवलं. अर्धी मुलं पुलावर सरांबरोबर, अर्धी माझ्याबरोबर नळकोंडाळ्याशी. बादलीभर लाल पाणी मोरीत ओतलं, पाठोपाठ दोन नळ सोडले आणि एका मुलीने घड्याळ लावलं. चार मिनिटांच्या आत पुलावरून आरडाओरडा आला. मुलं आनंदाने ओरडत होती, शोध लागला होता त्यांना, आणि माझ्या पोटात गोळा आला होता.

मग एकीने विचारलं, "लॅबचं सिंक पण बघूया?" नाही म्हणायला कारण नव्हतं. हिरवा रंग टाकला. तोही तिथेच आला.

इथून पुढचं मला अजून नीट पचलेलं नाही. गेली सात वर्षं मी ऑक्सिजनचे प्रयोग करते आहे, आणि प्रयोग झाला की उरलेलं सगळं, मँगनीज, आयोडाईड, ॲसिड, त्याच सिंकमध्ये ओतून वर पाणी सोडते. ओढ्याचं पाणी मोजून झालं की मोजायची रसायनं ओढ्यातच जात होती. प्रमाण थोडं असेल, पण सात वर्षं. आता सिंकखाली झाकणाचा कॅन ठेवलाय, सगळं त्यात जातं, आणि ॲसिड उदासीन करून मग त्याची विल्हेवाट कशी लावायची ते कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात विचारून घेतलं. संडासांची लाईन शनिवारी मी आणि मामांनी दोघांनीच तपासली, मुलांना न घेता. ती ड्रेनेजलाच जाते. चेंबरचं बंद झाकण उघडून रंग दिसला तेव्हा मामा आणि मी तिथेच पायरीवर बसलो थोडा वेळ.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या वाईट नाहीत, हे आधी लिहिते. रागावल्या नाहीत, लगेच संस्थेला फोन केला, पाईप बदलून घेऊ म्हणाल्या. पण मुलांचा प्रकल्प विज्ञान प्रदर्शनाला जाणार होता, आणि त्या म्हणाल्या की चार्टवर 'आमच्या शाळेतील' ऐवजी 'ओढ्याकाठच्या एका इमारतीतील' असं लिहा. प्रवेशाचे दिवस आहेत, मराठी शाळांचे पट आधीच घसरताहेत, पेपरात आलं तर एक तुकडी जाईल. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी हो म्हणाले. माझ्याच हाताने व्हाईटनर लावून बदललं.

त्या मुलाने चार्ट वाचला आणि विचारलं, "बाई, एक इमारत म्हणजे कुठली?"

मी त्याला समजावलं, की शाळेची अडचण होऊ नये, काम होतंय ना ते महत्त्वाचं. तो 'हो बाई' म्हणाला. प्रदर्शनात बोलायला तोच हवा होता मला, दोन्ही लाईनींचं त्याच्याइतकं चांगलं कुणीच सांगितलं नसतं, पण त्या दिवशी तो आलाच नाही. घरी काम होतं म्हणाला. असेलही. मी चिठ्ठी मागितली नाही. दुसऱ्या मुलांनी पाठ करून छान सांगितलं, परीक्षकांनी कौतुक केलं, आणि एका परीक्षकाने विचारलं कुठली हो इमारत, तर आमची मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

मे महिन्याच्या सुट्टीत मैदानाचे ब्लॉक उचलून नळकोंडाळ्याची लाईन गेटजवळच्या ड्रेनेजच्या चेंबरला जोडली, मधे शितं अडवायला जाळीचा खड्डाही केला. तो खड्डा रोज साफ करायचा, त्याची पाळी पाचवी ते सातवीच्या मुलांनी लावून घेतली आहे, आणि जाळीत अडकलेल्या खरकट्याचं खत केलं जातं. लॅबची लाईन अजून तशीच आहे, तिला पार्किंगची फरशी फोडावी लागेल आणि त्याचं बजेट पुढच्या वर्षी असं सांगितलंय.

तो मुलगा आता दहावीत आहे. पाऊस थांबल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर, त्यालाच म्हटलं चल, रंग तू टाक. लाल रंग चेंबरमध्ये दिसला, ओढ्याकडे आलाच नाही. पण पुलावरून बघितलं तर पाईपाचं तोंड ओलं होतं. शितं नव्हती, लॅब त्या दिवशी बंद होती, तरी बारीक धार चालूच होती आणि वास साबणाचा. तो कितीतरी वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, वरच्या अंगाला दोन सोसायट्या आहेत, त्यांचीही जाळीवाल्या लाईनीला जोडलेली असणार, त्यांना विचारा ना बाई, आम्ही येऊन रंग टाकतो, फक्त बादलीभर पाणी लागतं.

त्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना द्यायचं पत्र मी लिहिलंय. नुसतं तुमचं पाणी ओढ्यात जातंय असं लिहून कुणी दार उघडणार नाही, म्हणून पहिलं वाक्य असं आहे, की आमच्या शाळेचं खरकटं पाणी कित्येक वर्षं ओढ्यात जात होतं, ते आमच्या विद्यार्थ्यांनी शोधून काढलं आणि आम्ही ते दुरुस्त केलं, लॅबचं अजून बाकी आहे. पत्राला शाळेचं लेटरहेड लागतं. सोमवारपासून मोठ्या बाईंच्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे. तो रोज प्रार्थनेनंतर येऊन विचारतो.