एका कोंबडीचा केसपेपर

आमची ढब्बू आता वीस महिन्यांची आहे. ती ज्या लॉटमधली, तो चाळिसाव्या दिवशी रात्रीच गाडीत भरून गेला. शेजारच्या दादांचं करारावरचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं, शेड आहे. सकाळी खाली अंथरलेलं तूस उचलताना खाद्याच्या भांड्यामागे ही एकटी सापडली. बाकीच्या दोन किलोच्या वर गेलेल्या, ही जेमतेम सव्वा. "घेऊन जा ताई, रविवारी होईल," दादा म्हणाले. रविवार आला आणि गेला, आमच्या घरात कुणाचा हात धजला नाही.

पहिले तीन महिने मी तिला देशी कोंबडीसारखं सांभाळलं, तिथेच चुकले. देशी कोंबडी पोट भरलं की उकिरडा उकरायला पळते. ही भांड्यापाशी बसकण मारून खात राहते. पोट भरल्याचं हिला कळतच नाही, पिढ्यान्‌पिढ्या निवडच तशी झालेली. मी आपली कौतुकाने फिनिशर, म्हणजे ब्रॉयलरचं शेवटच्या टप्प्यातलं वजन वाढवणारं खाद्य, ओतत होते. मार्चमध्ये ती लंगडायला लागली. उचलून बघितलं तर डाव्या तळव्याला बोराएवढी गाठ, मधोमध काळी खपली.

इथून पुढचं आठवलं की अजून डोकं फिरतं.

तालुक्याचा जनावरांचा दवाखाना अकरा किलोमीटर. पहिल्या दिवशी डॉक्टर लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला बाहेर. साडेअकरापर्यंत पत्र्याखाली बसले. टोपलीत ढब्बू चोच उघडून धापा टाकत होती, शेवटी परत आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार होते, पण आधी केसपेपर काढा म्हणाले.

"जनावर कोणतं?"

"कोंबडी."

"किती पक्षी आहेत शेडात?"

"शेड नाही. एकच आहे, घरची."

खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर करून आधी माझ्याकडे आणि मग टोपलीकडे पाहिलं. "ब्रॉयलर दिसतेय. मर चालू असेल तर दोन-तीन मेलेल्या घेऊन या, पोस्टमार्टेम करून देतो. जिवंत एकीचं काय करायचं?"

म्हणजे मेलेली आणली असती तर लगेच टेबलावर घेतली असती! मी म्हटलं, पाय दुखतोय तिचा. मागे शेळी घेऊन उभे असलेले आजोबा हसले. "बाई, तीनशे रुपयांची कोंबडी, तिला औषध कसलं? मसाला लावा." खिडकीतलेही हसले, आणि पेपर काही निघाला नाही. डॉक्टर आत आहेत का विचारलं तर म्हणे, पेपराशिवाय आत नाही. मी चिडून घरी आले. वाटेत रिक्षावाल्यानेही किलोचा भाव विचारला.

तिसऱ्या दिवशी मात्र ठरवून गेले. नऊलाच, ऊन चढायच्या आत. खिडकीशी उभी राहिले आणि म्हटलं, कुत्र्याचा एकट्याचा निघतो ना, तसाच हिचा काढा. नियम दाखवा, मी जाते. नियम काही कुणाला सापडेना. छापील कागदावर गाय, म्हैस, शेळी, मेंढी, श्वान, कोंबड्या अशी यादी होती. त्या गृहस्थांनी पेन घेऊन "कोंबड्या"मधल्या "ड्या"वर काट मारली, वर "डी" लिहिलं, आणि संख्येच्या चौकोनात १ असा आकडा टाकला. तो कागद मी जपून ठेवलाय.

आत डॉक्टरबाईंना दहा मिनिटं लागली. तेवढ्यासाठी तीन दिवस! करडांच्या काट्यावर ढब्बू भरली चार किलो तीनशे. गाठ साफ करून पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "पाय बरा होईल, पण वजन उतरवलं नाहीत तर महिन्यात परत याल." ब्रॉयलरची पिल्लं ज्या अंड्यांतून निघतात, ती घालणाऱ्या कोंबड्यांनाही मोजूनच खाद्य देतात, हे त्यांनीच सांगितलं. नुसतं खाऊ घातलं तर त्याही जडावतात, पाय जातात. हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

फिनिशर बंद करून ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं हलकं खाद्य, आणलं. दुकानदार पन्नास किलोचं पोतंच घ्या म्हणाला, मी दादांशी अर्धं वाटून घेतलं. एकदम उपाशी ठेवलं नाही, दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं. आता सकाळ-संध्याकाळ मिळून सव्वाशे ग्रॅम, वर मेथी-कोबीचा पाला. खाद्य एका टोकाला आणि पाणी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते, म्हणजे चालणं होतं. पहिले पंधरा दिवस ती माझ्या साडीचा काठ ओढत मागे फिरायची. दगड व्हावं लागतं. दर रविवारी पिशवीत घालून ताणकाट्याला लावते. आता तीन किलो शंभर.

बसायला विटेएवढ्या उंचीचा लाकडी ओंडका पुरतो. शिडी नको, उडी मारून उतरताना पाय दुखावतात. तूस ओलं झालं की त्याच दिवशी बदला, तळव्याच्या जखमा त्यातूनच सुरू होतात. उन्हाळ्यात अकरा ते चार खाद्य ठेवू नका, पचवताना अंग आणखी तापतं. ओलं पोतं आणि गार पाणी एवढंच.

अंडी मात्र देते, आठवड्याला तीन-चार. भरपूर खायची त्या दिवसांत नव्हती देत, नंतर सुरू झाली. लेअरचं, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं, खाद्य मी अंड्याआधी दिलं नाही, त्यातला चुना अंडी न घालणाऱ्या कोंबडीच्या मूत्रपिंडाला बाधतो. आता ग्रोअरसोबत शिंपल्याचा चुरा वाटीत वेगळा ठेवते, लागेल तेवढा ती टिपते.

आणि हो, दवाखान्यात नेताना पाय धरून उलटी लटकवून नेऊ नका. इतक्या जड पक्ष्याला त्यात श्वास घेणं अवघड जातं. टोपलीत, खाली जाड फडकं घालून, सकाळी लवकर. आणि केसपेपर काढताना संख्या विचारली की आधीच ठणकावून सांगा, एक.