तांब्याच्या पत्र्यावरचा इतिहास : बर्लिनमध्ये केटे कोलविट्स

बर्लिनच्या यू-२ या भुयारी रेल्वेमार्गावर झेनेफेल्डरप्लाट्स नावाचे स्थानक आहे. बाहेर पडल्यावर शिळाछापाचे, म्हणजे दगडावर चित्र काढून ते कागदावर छापण्याचे (लिथोग्राफीचे) तंत्र शोधून काढणाऱ्या आलोइस झेनेफेल्डर यांचा संगमरवरी पुतळा दिसतो. पुतळ्याच्या चौथऱ्यापाशी एक बालक त्यांचे नाव उलट्या अक्षरांत लिहीत आहे आणि दुसरे आरसा धरून ते वाचत आहे. दगडावर किंवा पत्र्यावर चित्र उलटे काढायचे, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटते, हे मुद्राचित्रकाराचे पहिले व्यवधान तिथे भर रस्त्यात कोरून ठेवलेले पाहून मला फार आनंद झाला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातून आपल्या घरांच्या भिंतींवर आलेल्या देवदेवतांची चित्रे याच तंत्राने छापलेली होती. त्याच वर्षांत, या स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, केटे कोलविट्स नावाची तरुण चित्रकर्ती उपाशी विणकरांची चित्रे काही दगडावर आणि काही तांब्यावर करीत होती. त्यांची चित्रे पाहण्यासाठीच मी बर्लिनला आले होते.

कोलविट्स यांचा जन्म १८६७ मध्ये क्यॉनिग्सबर्गला (आताचे रशियातील कालिनिनग्राड) झाला. १८९१ मध्ये कार्ल या डॉक्टरांशी लग्न करून त्या प्रेन्झलाउअर बर्ग या कामगार वस्तीत राहायला आल्या आणि १९४३ पर्यंत तिथेच राहिल्या. त्यांचे घर त्याच वर्षी बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. आता रस्त्याला आणि शेजारच्या चौकाला त्यांचे नाव आहे, आणि चौकात गुस्टाव्ह झाइट्स यांनी घडवलेला त्यांचा कांस्यपुतळा आहे. कामगार स्त्रिया डॉक्टरांकडे येत, आणि येता-जाता केटे यांच्यापाशीही आपली गाऱ्हाणी सांगत. सुरुवातीला आपण कामगारांची चित्रे काढली ती करुणेपोटी नव्हे, तर ती माणसे आपल्याला सुंदर वाटली म्हणून, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या जगण्याचा भार त्यांना नंतर, या स्त्रियांमुळे कळला. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो, कारण दया दाखवण्यासाठी काढलेल्या चित्रांत माणसे दुबळी दिसतात आणि कोलविट्स यांची माणसे तशी कधीच दिसत नाहीत.

त्यांचे संग्रहालय २०२२ पासून शार्लोटेनबुर्ग राजवाड्याच्या जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत आहे. ‘विणकरांचा उठाव’ ही सहा चित्रांची मालिका (तीन शिळाछाप आणि तीन एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने खाचा पाडून छापलेली चित्रे) १८९३ ते १८९७ या काळात तयार झाली. तेव्हाच्या प्रशियातील सायलेशिया प्रांतातल्या विणकरांनी १८४४ मध्ये केलेल्या बंडावरील गेरहार्ट हाउप्टमान यांच्या नाटकाचा प्रयोग पाहून त्यांनी ती हाती घेतली होती. १८९८ च्या प्रदर्शनात परीक्षकांनी तिला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली आणि सम्राट दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. मोर्चाच्या चित्रात पुरुषांबरोबर एक बाई चालली आहे आणि तिच्या पाठीवर मूल झोपले आहे. मालकाच्या दाराशी दगडफेक चालू असताना बायका रस्त्यातले दगड उपसून पुरुषांच्या हाती देत आहेत. उठावाचा इतिहास सांगताना पाठीवरचे मूल आणि ओच्यातले दगड ज्यांना आठवतात, त्यांनी घर चालवणे म्हणजे काय हे जवळून पाहिलेले असते.

माझा बहुतेक वेळ ‘शेतकऱ्यांचे युद्ध’ या पुढच्या मालिकेपाशी गेला. १५२४-२५ मध्ये जर्मनीत झालेल्या शेतकरी बंडावरची ही सात एचिंग १९०८ पर्यंत पूर्ण झाली. ‘नांगरणारे’ या चित्रात जनावरांच्या जागी दोन माणसे जुंपलेली आहेत. छातीवरच्या पट्ट्यांवर भार टाकून ती इतकी वाकली आहेत की शरीरे जवळजवळ जमिनीला समांतर झाली आहेत. विळ्याला धार लावणाऱ्या म्हातारीचे डोळे अर्धवट मिटलेले आहेत आणि पाते तिच्या गालाशी आले आहे. ती काय ठरवते आहे हे समजायला पुढचे चित्र पाहावे लागत नाही. ‘उद्रेक’ या मोठ्या चित्रात काळी आना ही स्त्री आपल्याकडे पाठ करून दोन्ही हात वर उचलते आणि जमाव तिच्यापुढून धावत सुटतो. नेत्याचा चेहराच दाखवायचा नाही, हा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो.

इथे तंत्र समजून घेतले तर चित्र वेगळे दिसते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघ ओढतात. जिथे थर निघतो तिथे आम्ल तांबे खाते आणि त्या खाचांत शाई बसते. राळेची पूड पत्र्यावर पसरवून तापवली, की करड्या छटाही मिळतात. कोलविट्स यांनी याही पुढे जाऊन मऊ थरावर खरे कापड दाबले, त्यामुळे ‘उद्रेक’च्या काही भागात कापडाची वीण उमटली आहे. पुनरुत्पादित छायाचित्रांत ती जवळजवळ नाहीशी होते, म्हणून ही चित्रे प्रत्यक्षच पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन. ‘रणभूमी’ हे चित्र लांबून नुसते काळे वाटते. जवळ गेल्यावर कळते, की रात्री मृतांमध्ये एक आई शोधत फिरते आहे आणि कंदिलाचा उजेड फक्त तिच्या हातावर आणि एका मुलाच्या चेहऱ्यावर पडला आहे.

याच काळातील, १९०३ च्या ‘मृत बालकासह स्त्री’ या एचिंगसाठी त्यांनी सात वर्षांच्या पेटरला, आपल्या धाकट्या मुलाला, हातांवर घेऊन आरशात पाहून रेखाटन केले होते. पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. हे ठाऊक असताना त्या चित्रापुढे मला फार वेळ उभे राहवले नाही.

१९२० मध्ये शिल्पकार एर्न्स्ट बारलाख यांची लाकडावर कोरून छापलेली चित्रे पाहिल्यावर कोलविट्स त्या माध्यमाकडे वळल्या आणि ‘युद्ध’ ही मालिका त्यांनी लाकडावर कोरली. तिथे करडी छटा नाही, खोली नाही, कापडाची वीणही नाही. नुसते काळे आणि पांढरे आहे. ही मालिका जास्त प्रसिद्ध आहे आणि तिचा आघात मोठा आहे, हे मला मान्य आहे. तरीही नांगर ओढणाऱ्यांच्या पाठी आणि म्हातारीचा गाल पाहायचा असेल, तर तांब्यावरचे काम अधिक मोलाचे आहे, असे माझे मत ती दालने पाहून पक्के झाले.