गोव्यात कुंपण घालण्याआधी: रेषा, वाट, पाणी आणि मग भिंत

मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून मंडळी गावच्या घरी येतात, गवंड्याला बोलावतात, चार ट्रक चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) उतरवून घेतात आणि पावसाआधी कंपाऊंड उभं करायचं ठरवतात. बहुतेक भानगडी तिथेच सुरू होतात. भिंत किती उंच चालते हा प्रश्न तसा सोपा आहे. ती कुठून जाणार, कोणाची वाट अडणार आणि पाणी कुठून निघणार, हे आधी पाहायला हवं.

पहिलं काम हद्दीचं. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद दाखवणारा कागद) आणि सर्व्हेचा नकाशा काढा. नकाशावर प्रमाण काय लिहिलंय ते वाचा. ते १:१००० असेल तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ मीटर. नकाशातली रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, म्हणजे नुसत्या झेरॉक्सवर पट्टी ठेवून हद्द काढली तर अर्ध्या मीटरची चूक सहज होते. झेरॉक्समध्ये नकाशा थोडा लहान-मोठा होतो, ते वेगळंच. म्हणून तालुक्याच्या सर्व्हे ऑफिसात हद्द आखून देण्यासाठी रीतसर अर्ज करावा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, सर्व्हेअर येतो, दगड बसवले जातात. यात वेळ जातो, पण शेजाऱ्यासमोर बसलेला दगड पुढची वीस वर्षं भांडण टाळतो. जुनी वई (काट्या-फांद्यांचं कुंपण) किंवा गडगा (रचलेल्या दगडांचा बांध) हीच हद्द, असं मात्र धरू नका. वई दरवर्षी नव्याने बांधताना हातभर इकडे-तिकडे सरकते.

उताऱ्यावर किती नावं आहेत तेही बघा. वाटणी न झालेल्या जमिनीत एकट्या भावाने घातलेली भिंत पुढे सगळ्यांनाच त्रास देते. शिवाय गोव्यात, वेगळा करार केलेला नसेल तर, लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे परवानगीच्या अर्जाला जोडायच्या संमतीपत्रावर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. ही सही राहून गेली म्हणून अर्ज परत येणं अगदी नेहमीचं.

आवारात मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर जास्तच जपून. १९७५ च्या मुंडकार कायद्यात घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. घराभोवतीची जमीनही त्यात येते, आणि जागा उपलब्ध असेल तर बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ मीटर. भाटकाराने (जमीनमालकाने) त्या ५ मीटरांच्या आत कुंपण ओढलं तर ते टिकणार नाही. टिकूही नये. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाच्या दाराला भिंत लावण्यात कसली आली मालकी?

वाटेचंही तसंच. विहिरीवर जाणारी पायवाट, शेतात बैल न्यायची पाणंद, पालखीची वाट या नकाशावर दिसतीलच असं नाही. पण वहिवाट सिद्ध झाली की हक्क लागू होतो, आणि अडवणूक दूर करायची मागणी घेऊन माणूस मामलतदाराकडे जाऊ शकतो. भिंत आखण्याआधी गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना विचारा. वाट असेल तर तेवढी जागा सोडूनच चिरा लावा.

आता परवानगी. पंचायत क्षेत्रात १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली पंचायतीचा परवाना लागतो, शहरात नगरपालिकेचा, पणजीत महापालिकेचा. त्याआधी नगर नियोजन खात्याची, किंवा नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत असाल तर त्या प्राधिकरणाची, तांत्रिक मंजुरी घ्यायची. अर्जाबरोबर मालकीचा दस्त, उतारा, सर्व्हे नकाशा, जागेचा आराखडा आणि भिंतीचा उभा छेद लागतो. आराखडा इंजिनियरच्या सहीचा हवा. समुद्राजवळ किंवा भरतीचं पाणी येणाऱ्या नदीकाठी, खाजनाकडे (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीकडे) घर असेल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्यताही आधी बघावी. ३० दिवसांत पंचायतीने निर्णय कळवला नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं. म्हणून अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रस्त्याकडेच्या भिंतीचा नियम २०१० च्या बांधकाम नियमावलीत आहे: एकूण उंची जास्तीत जास्त दीड मीटर, त्यातली बंद भिंत फक्त ९० सेंटिमीटर, वर जाळी किंवा ग्रिल. कोपऱ्यावरच्या प्लॉटला भिंत आणखी ठेंगणी ठेवावी लागते, कारण वळणावर समोरून येणारी स्कूटर दिसली पाहिजे. गेट आतल्या बाजूला उघडणारं हवं. जागा कमी असेल तर सरकतं गेट करा.

भिंत आजच्या डांबराच्या कडेपासून मोजू नका. सरकारी नियोजन आराखड्यात रस्त्याची रुंदी पुढे किती धरली आहे ते पाहा आणि रस्त्याच्या मधल्या रेषेपासून त्या रुंदीच्या निम्मं अंतर सोडा. उदाहरणार्थ, आजचा रस्ता ५ मीटर आणि प्रस्तावित ८ मीटर असेल, तर मध्यापासून ४ मीटर, म्हणजे आजच्या कडेपासून दीड मीटर आत. पाया भिंतीहून रुंद असतो. तोही याच रेषेच्या आत बसला पाहिजे, शेजाऱ्याच्या हद्दीकडेही तसंच. जमिनीखाली कोण बघतंय म्हणून पाया बाहेर काढणं हे पुढच्या खटल्याचं बीज आहे.

आणि पाणी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. उताराला आडवी भिंत घातली की ती बंधाऱ्यासारखं पाणी अडवते. मागची माती भिजून जड होते, चिरा पाणी पितो, आणि जुलैत एका रात्री दहा मीटर भिंत आडवी होते. चिरे वाईट होते म्हणून ती पडली, असं सगळे म्हणतात. खरं तर पाण्याला वाट नव्हती. जमिनीलगत दर २ मीटरवर ७५ किंवा १०० मिलिमीटरचा पाइप टाका, किंचित उतार देऊन, आणि आतल्या तोंडाशी खडी भरा, नाहीतर पहिल्याच पावसात माती बसून पाइप बंद होतो. व्हाळ किंवा नैसर्गिक ओहोळ हद्दीतून जात असेल तर तिथे पाइपवर भागवू नये. पूर्ण रुंदीचा मोकळा गाळा ठेवावा. पाइपांचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नका, गटारापर्यंत न्या.

चिऱ्यांचा हिशोब असा: १५ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच उंच चिरा धरला तर ९ इंच जाडीच्या, ९० सेंटिमीटर उंच भिंतीला दर मीटरला साधारण १२ चिरे लागतात. २० मीटरला २४०, आणि तुटफुटीसाठी वीसेक जास्त. पायाचे वेगळे. दर अडीच-तीन मीटरवर सिमेंटचा खांब आणि माथ्यावर पाणी घरंगळेल असं उताराचं कोपिंग द्या. कोपिंग नसलेल्या चिऱ्यावर दुसऱ्या वर्षीच शेवाळ धरतं.

जिथे नुसती गुरं अडवायची आहेत तिथे भिंतीचा हट्ट कशाला? गिरिपुष्पाच्या फांद्या पहिल्या पावसात फूटभर अंतरावर रोवल्या तर त्या जगतात, पाणी अडत नाही, आणि छाटलेला पाला माडांच्या आळ्यात खत म्हणून जातो. मात्र रोपांची ओळ हद्दीच्या हातभर आत ठेवा. दोन वर्षांत ती पसरते आणि शेजाऱ्याच्या बाजूची छाटणी तुम्हालाच करावी लागते.